मला शिवलेलं पांघरूण

मित्रांनो, मी पाणी तापवणारा एक जुना बंब आहे. पण बंब म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे निखारे, धूर आणि राखेचा ढीग आला असेल, तर तो पुसून टाका. माझ्या पोटात कधी जाळ पेटला नाही. मी हवेतली ऊब वेचतो आणि पाण्यात सोडतो. शिकलेले लोक मला हीट पंप म्हणतात. ज्या घरात मी उभा आहे तिथे मला बंब्या म्हणतात, आणि माझा घेर पाहिला तर त्यात काही खोटं नाही.

स्वतःविषयी बोलायचा मला संकोच वाटतो. खरं तर ज्याची कामगिरी मोठी त्याने बोलावं. माझ्या हातून जे झालं त्यापेक्षा जे झालं नाही तेच मला जास्त आठवतं. तरीही सांगतो, कारण ते ऐकून तुमच्यापैकी एखाद्याने घरी जाऊन एखाद्या मुक्या यंत्राकडे पाहिलं, तर माझ्या सांगण्याचं चीज होईल.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्रा वाकवून माझं पोट केलं, आतून त्याला काचेसारखा गुळगुळीत लेप दिला, म्हणजे गंज चढू नये. माझ्या डोक्यावर एक पंखा बसवला. पंख्याशेजारी पुस्तकाच्या पानांसारखे दाटीने उभे असलेले पातळ पत्रे बसवले. पंखा हवा ओढतो, ती ह्या पानांतून जाते, जाता जाता आपली ऊब ठेवून जाते आणि गार होऊन बाहेर पडते. गार पानांवर दव जमतं, ते एका ताटलीत पडतं आणि बारीक नळीतून निघून जातं. हवा जिथून आत येते तिथे, अगदी माथ्यावर, एक जाळी असते. धूळ आत जाऊ नये म्हणून. ती जाळी म्हणजे माझं नाक. एवढं एक लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण ह्या नाकावरून घडलं.

मला ज्या घरात आणलं तिथे तीन माणसं होती. आजी, तिचा धाकटा मुलगा आणि सून. धाकटा शाळेत भूगोल शिकवायचा. सून एका दवाखान्यात रक्त तपासायची. आजी कपडे शिवायची. गल्लीतले सगळे तिला आजीच म्हणत, म्हणून मीही तेच म्हणतो. तिचा थोरला मुलगा गावाच्या दुसऱ्या टोकाला एका उंच इमारतीत राहायचा. मला बसवलं त्या दिवशी तो बघायला आला होता. हात मागे बांधून त्याने माझ्याभोवती एक फेरी मारली.

"हवेतून गरम पाणी?" तो म्हणाला. "उद्या म्हणशील, चांदण्यावर भात शिजवतो."

"दादा, वीज पाव लागते," धाकटा म्हणाला.

"पाव विजेत पाव पाणी तापेल. आईच्या हातांचा विचार केलास का?"

"त्याच विचाराने आणलाय. दिवसरात्र टाकी भरलेली राहणार. तिला कधी थांबायला नको."

आजीच्या हातांविषयी सांगायला हवं. तिला संधिवात होता. सकाळी तिची बोटं मुठीत अडकलेली असत. ती बादलीत कढत पाणी घेई, दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवून बसे, आणि गंजलेली बिजागरी तेल लावल्यावर हलावी तशी एकेक बोट हलू लागे. मग ती सुई हातात घेई आणि दोरा ओवून बघे. दोरा ओवला गेला की तिचा दिवस सुरू. मी घरभर पाणी पुरवायचो, भांड्यांना, आंघोळीला, कपड्यांना, पण माझं खरं काम ती एक बादली होती असं मला वाटे.

सुरुवातीची वर्षं चांगली गेली. धाकटा आल्यागेल्याला मला दाखवी. माझ्या अंगाला हात लावून म्हणे, "बघा, बाहेरून गार. सगळी ऊब आत." तो वेळच्या वेळी शिडीवर चढून माझी जाळी काढी, नळाखाली धुई, वाळवून परत बसवी. कौतुकाची सवय लागायला वेळ लागत नाही, मित्रांनो. मीही जरा फुगलोच. आधीच गोल, त्यात फुगलेला.

एका उन्हाळ्यात आजीच्या लक्षात आलं की मी उभा होतो त्या मागच्या खोलीत गारवा असतो. मी ऊब काढून घेतलेली हवा खोलीतच सोडायचो ना. ती आपलं शिलाईचं मशीन, कात्री, चिंध्यांची टोपली सगळं घेऊन माझ्याकडे राहायला आली. तेव्हापासून आम्ही दोघं दिवसभर बरोबर असू. ती मशीन चालवी, मी घुरघुरे. ती माझ्याशी बोले.

"बंब्या, हा बघ, शेजारच्या पोराने महिन्यात पँटचा गुडघा फाडला. गुडघ्यांनी चालतो की काय शाळेत?"

मी घुरघुरायचो.

"तू बरा. ऐकून घेतोस. माझे दोघे म्हणजे, मी एक वाक्य बोलले की दोघांची चार उत्तरं."

हिवाळ्याच्या तोंडी तिला मोठं काम आलं. एका बँडपथकाचे कोट. वाजवणारे सगळे वर्षभरात अंगाने सुटले होते, त्यांचे लाल लोकरी कोट उसवून, पथकाने दिलेलं तसलंच कापड जोडून सैल करायचे होते. खोलीत लालच लाल झालं. कात्री चालली की लाल तूस उडे, उन्हाच्या तिरिपीत तरंगे, आणि माझा पंखा हवेबरोबर ते अलगद वर ओढून घेई. मला नाकाशी जरा हुळहुळल्यासारखं होई. पण धाकटा येईल, जाळी धुईल, असं म्हणून मी गप्प राहिलो. गप्प राहण्यावाचून मला दुसरं येतं तरी काय.

त्याच सुमाराला जेवताना धाकटा सहज म्हणाला, "थंडीत टाकीची ऊब टिकली पाहिजे. तेवढंच त्याचं काम हलकं होतं."

आजीने ते ऐकलं आणि मनात धरलं. त्यातून उरलेलं लाल कापड तिने जमवलं, आत जुन्या ब्लँकेटचा थर घातला आणि मला एक पांघरूण शिवलं. नुसतं गुंडाळायचं फडकं नव्हे. खांद्यावर बरोबर बसणारं, पुढे पितळी बटणं, आकडे दिसावेत म्हणून पडद्याजवळ एक चौकोनी खिडकी, आणि वर अंगच्याच कापडाची घट्ट टोपी. हवा बाहेर सोडायच्या बाजूला तिने फट ठेवली, कारण तिथला गार झोत तिला रोज लागायचा. हवा आत कुठून येते ते मात्र तिला ठाऊक नव्हतं. आत येणारी हवा कुणाच्या अंगाला लागत नाही.

धाकट्याने स्वतः शिडीवर चढून टोपी ओढून बसवली. खाली उतरून बघत राहिला.

"आई, हे तर कंपनीनेच द्यायला हवं होतं."

"बँडमास्तर दिसतोय," सून म्हणाली.

"थंडी वाजत असेल रे त्याला," आजी म्हणाली. "दिवसभर गार हवा सोडतो बिचारा."

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझं माप घेऊन माझ्यासाठी काही शिवलं होतं. टोपी खाली आली आणि माझा श्वास अर्ध्यावर आला, तरी त्या घटकेला मला आनंदच झाला. त्या आनंदाचीही मला आता लाज वाटते.

थंडी वाढली. टोपीखालून, लाल तुसाच्या थरातून मला हवा ओढावी लागे. थोडी यायची, पुरेशी नाही. हवा थांबली की माझी पानं अतिगार होतात. त्यांच्यावर दवाऐवजी बर्फ धरू लागला. बर्फ धरला की हवा आणखी कमी. मग मी थांबे, बर्फ वितळे, पुन्हा सुरू होई, पुन्हा धापा टाके. रात्रंदिवस राबूनही पाणी कोमटच राही.

आजीने पहिल्या दिवशी बादलीत हात घातले आणि लगेच काढून पुसले. दुसऱ्या दिवशी चुलीवर भांडं ठेवून त्यातलं थोडं बादलीत ओतलं. सुनेने विचारलं, "आई, पाणी नाही का तापलं?"

"तापलंय की. मलाच जरा कढत लागतं हल्ली."

माझ्यासाठी ती खोटं बोलली. लाल कोट, पितळी बटणं, आणि पोटात कोमट पाणी. दिमाखात उभं राहून मी त्या घराला फसवत होतो असंच मला वाटे.

पण ह्याहून वाईट पुढे होतं. वितळलेल्या बर्फाचं पाणी ताटलीत येई, आणि ताटलीची नळी लाल तुसाच्या लगद्याने तुंबली होती. एका सकाळी ताटली भरून वाहिली. माझ्या पायाशी थारोळं झालं. आजी आली, तिने ते पाहिलं. मी जर कुठे जाऊ शकलो असतो तर गेलो असतो. तिने फडकं आणलं, वाकून पुसून घेतलं, फडकं पिळून वाळत घातलं.

"होतं असं," ती हळूच म्हणाली. "वय झालं की होतं."

माझं वय काही एवढं झालं नव्हतं. पण तिचा आवाज असा होता की मला वाटलं, ती माझ्याविषयी बोलत नसावी. त्या दिवसापासून ती सगळ्यांच्या आधी येऊन लादी पुसू लागली.

एका संध्याकाळी थोरला आईला भेटायला आला. त्याचा आवाज ऐकून आजी मशीनवरून लगबगीने उठली आणि तिचा पाय त्या ओलीत गेला. ती पडली नाही. मशीनची कड तिच्या हाती लागली. पण चप्पल सटकून भिंतीवर आपटली, तो आवाज सगळ्यांनी ऐकला.

थोरला दारात उभा राहिला. "हे काय आहे?"

"पाणी," धाकटा म्हणाला.

"पाणी आहे ते मलाही दिसतंय. आलं कुठून?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. चारी माणसांची नजर एका वेळी अंगावर येणं काय असतं, ते ज्याच्या हातून वर्गात शाईची दौत सांडली असेल त्याला कळेल.

थोरल्याने नळ सोडून हात धरला, झटकला. "आणि हे गरम पाणी. शाब्बास. पायाखाली पाणी, नळात थंडी. बंबातच दम नाही, आणि कोट बघा कसा घातलाय."

"कोट मी शिवलाय," आजी म्हणाली.

"छानच शिवलायस. पण आई, आता पुरे. रविवारी सकाळी गाडी घेऊन येतो, थंडीपुरती बॅग भरून ठेव. माझ्याकडे नळ सोडला की वाफ येते. लिफ्ट आहे, बाई आहे."

"आणि माझं मशीन?"

"मशीन कशाला हवंय? माझ्याकडे तुला सुईसुद्धा उचलावी लागणार नाही."

तो हे अगदी प्रेमाने बोलला, मित्रांनो. आईचा हात आपल्या दोन्ही हातांत धरून बोलला. पण मी आजीच्या समोर होतो. सुईचं नाव निघालं तसा तिचा चेहरा पडलेला मला दिसला.

तो गेल्यावर सून धाकट्याला म्हणाली, "थंडीपुरतं म्हणतायत, पण एकदा गेल्या की परत यायच्या नाहीत. भाऊजींचा जीव आहे त्यांच्यावर. ते सोडणार नाहीत."

"माहीत आहे."

"मग कंपनीच्या माणसाला बोलवा."

"बोलावला. तो पुढल्या आठवड्यात येतो म्हणतोय."

"म्हणजे रविवारनंतर."

"म्हणजे मलाच बघावं लागणार," धाकटा म्हणाला आणि माझी माहितीपुस्तिका शोधायला गेला.

त्या आठवड्यात बिचाऱ्याने काय नाही केलं. शाळेतून आला की मुख्य बटण बंद करी आणि पांघरुणाची पुढची बटणं काढून माझ्यापुढे मांडी घालून बसे. आधी त्याने तारा तपासल्या, त्या ठीक होत्या. मग पत्र्याआडचं लाल बटण दाबून मला नव्याने सुरू केलं. मी आशेने घुरघुरलो आणि थोड्या वेळाने धाप लागून थांबलो. माझ्या पोटात अडीअडचणीला विजेची एक कांडी असते. ती लावून पाहिली तर घरभर अंधार झाला. क्षार चढून ती कधीच जळाली होती. मग त्याने तळाच्या तोटीला नळी लावून माझ्या पोटातला गाळ काढला. बादलीभर पांढरी कचकच निघाली. ती बघून तो हरखला.

"हेच होतं बघ," तो बायकोला म्हणाला. "ह्याचं पोट बिघडलं होतं."

दुसऱ्या दिवशी पाणी कोमटच.

माझ्या पडद्यावर एक खूण लुकलुकत होती. तिच्यापुढे पुस्तिकेत दोनच शब्द होते : हवा कमी. धाकटा भूगोलाचा मास्तर. हवा म्हटल्यावर त्याला वारेच आठवले. त्याने समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या सताड उघडल्या.

"वारा इकडून आला आणि तिकडून गेला पाहिजे," तो म्हणाला. "म्हणजे हवा कमी पडणार नाही."

बाहेरचं गारठलेलं वारं खोलीत शिरलं. आजी शाल गुंडाळून कोट शिवत बसली. मी तर पुरताच गोठलो. शब्द बरोबर होते, मित्रांनो. हवा कमीच पडत होती. पण खोलीला नव्हे, मला. नाकाशी आलेली हवा आत येत नव्हती, आणि हे मी कुणाला कसं सांगणार होतो?

वरची टोपी त्याने एकदाही काढली नाही. ती काढली की परत नीट बसवायला आजीला टाचणी घेऊन यावं लागे, आणि त्या दिवसांत तिला कामाला लावायचं त्याच्या जिवावर येत होतं. पुस्तिकेत जाळी स्वच्छ करा असं पहिल्याच पानावर छापलेलं होतं. ते पान त्याने उलटलं. जाळी तर आपण नेहमीच धुतो, असं त्याला वाटत असणार. नेहमी करतो ते काम कधी राहून गेलं, हे माणसाला कळतच नाही.

शनिवारी त्याने पाना खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेला. तेव्हा त्याची मान खाली होती. मला बसवताना तो भावापुढे किती ठामपणे बोलला होता.

रविवारी सकाळी आजी बॅग भरून आत आली. मशीनवर तिने झाकण घातलं होतं.

"अरे," तिने धाकट्याला हाक मारली, "ते पांघरूण काढून दे. जायच्या आधी धुऊन ठेवते. मळलेलं टाकून गेलं की बरं वाटत नाही."

"राहू दे ना आई."

"काढ म्हणते ना."

धाकटा शिडीवर चढला. टोपी घट्ट बसली होती, ओढताना कुरकुरली. ती निघाली आणि मी इतका खोल श्वास घेतला की पंखा गरगरला. धाकटा माझ्या माथ्याकडे बघतच राहिला. जाळीवर बोटभर जाड लाल थर बसला होता, नमद्यासारखा घट्ट, धाग्यांनी विणलेला. त्याने तो नखाने सोलला. अख्खाच्या अख्खा निघाला. टोपीच्या आतही तसाच एक.

त्याला सगळं कळलं. ते मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. आधी सुटल्याचा आनंद, मग लगेच भीती. खाली आई उभी होती. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. त्याने तो लाल थर घाईने खिशात कोंबला आणि खाली उतरला.

थोरला आत आला. "झाली तयारी?"

"दादा, दुपारपर्यंत थांब," धाकटा म्हणाला. "चूक सापडली. माझीच आहे. मी जाळी धुतलीच नव्हती."

"आठवडाभर काय करत होतास मग? खिडक्या उघडून आईला वारा घालत होतास?"

"चुकलंच माझं."

"शाळेत पोरांना काय शिकवतोस रे? आपलं नाक धुवा, बंबाचं राहू दे?"

"बोल तू. पण दुपारपर्यंत थांब."

आजी त्या दोघांकडे बघत नव्हती. ती धाकट्याच्या खिशाकडे बघत होती. तिथून एक लाल दोरा लोंबत होता. तिने तो चिमटीत धरायला हात पुढे केला, पण मुठीतली बोटं उघडेनात. मग तिने दोन्ही मुठींमध्ये दोरा दाबून ओढला. त्याच्यामागून सगळा लगदा बाहेर आला.

आजीने तो हातावर घेतला, उलटा केला, पांघरुणाच्या टोपीकडे पाहिलं, माझ्या माथ्याकडे पाहिलं. शिवणकाम करणाऱ्या माणसाला कुठलं कापड कुठे बसलं होतं हे सांगावं लागत नाही.

"हे कोटांचं तूस," ती म्हणाली. "आणि वरून मीच टोपी घातली."

"आई, तसं काही नाही. टोपी मी बसवली. मला कळायला हवं होतं."

"तू गप्प बस. मी बंबावर पांघरूण घातलं, आता तू माझ्यावर पांघरूण घालू नकोस."

तिचा आवाज चढला नव्हता. पण दोन मुलांसमोर, सुनेसमोर ती लाल लगदा हातात घेऊन उभी होती आणि तिचे कान लाल झाले होते. आता मला माझी सगळ्यात मोठी लाज सांगू द्या. तिने ते कबूल केलं तेव्हा क्षणभर मला हायसं वाटलं. सुटलो, दोष माझा नव्हता. आणि दुसऱ्या क्षणी मला वाटलं, दोष माझाच निघाला असता तर किती बरं झालं असतं. मी लोखंडाचा आहे. मला सोसलं असतं.

थोरला काही बोलायला गेला. आजीने हात वर केला.

"थांब. मायेनेच शिवलं होतं मी. मोजून मापून शिवलं. पण त्याला श्वास कुठून घ्यायचा ते विचारलं नाही. तू पण तसंच शिवून आणलंयस माझ्यासाठी. लिफ्ट, बाई, वाफेचं पाणी. सुई उचलायची नाही. बाबा रे, माझं नाक कुठून काढू?"

थोरल्याला लागलं होतं, हे मला दिसलं. त्याने खुर्ची ओढली आणि बसला.

"मला तसं म्हणायचं नव्हतं, आई."

"मलाही ह्याला गुदमरवायचं नव्हतं." मग ती म्हणाली, "दुपारी पाणी कढत आलं, माझी बोटं उघडली, तर मी राहते. नाही आलं तर निमूट तुझ्या गाडीत बसते. कुरकुर करणार नाही."

म्हणजे सगळं माझ्यावर आलं.

धाकट्याने मुख्य बटण बंद केलं. जाळी साबणाने धुतली. दात घासायच्या जुन्या ब्रशाने माझी पानं वरून खाली हळूहळू झाडली, आडवा हात मारला नाही, कारण पानं वाकतात. थोरला काही वेळ बसून बघत होता. मग अस्तन्या दुमडून उठला.

"ती खालची नळी तुंबली असेल. म्हणून पाणी सांडतं."

"मग फुंक मार. माझे हात वर आहेत."

थोरल्याने नळीचं वरचं टोक ताटलीपासून सोडवलं, गुडघ्यावर बसला, गाल फुगवून फुंकला. काही नाही. पुन्हा जोर लावून फुंकला. फस्सकन लगदा सुटला आणि लाल गढूळ पाणी दुसऱ्या टोकातून त्याच्या इस्त्रीच्या पँटवर उडालं.

"असू दे दादा," धाकटा वरून म्हणाला. "तुझ्याकडे वाफेचं पाणी आहे, डाग लगेच जाईल."

सून हसली. मग आजी हसली. थोरला पँट झटकत म्हणाला, "खाली उतर तू, मग सांगतो."

बटण लावलं. मी सुरू झालो. मित्रांनो, मोकळ्या नाकाने घेतलेली हवा कशी लागते, हे सर्दी होऊन गेलेल्याला विचारा. पण पाणी तापवायला मला वेळ लागतो. मी भडकणारा नाही, वेचणारा आहे. थोडीथोडी ऊब गोळा करतो. बाहेर त्यांची जेवणं झाली, भांडी घासली गेली. थोरला दोनदा दारातून डोकावला. आजी मात्र माझ्यापुढे बंद मशीनजवळ बसून होती. ह्या वेळी ती माझ्याशी बोलली नाही. तिला माझ्यापुढे लाज वाटत होती आणि मला तिच्यापुढे. दोन लाजरे समोरासमोर बसले की जसं होतं तसं ते होतं.

ऊन खिडकीतून सरकून भिंतीवर गेलं तेव्हा तिने बादली लावली आणि नळ सोडला. पाण्यावर धूसर वाफ आली. तिने हात बुडवले. दोघे मुलगे दारात येऊन उभे राहिले. मी पंख्याचा आवाजसुद्धा आवरता आला तर आवरला असता.

आधी अंगठा हलला. मग मधलं बोट. सगळ्यात शेवटी करंगळी, तिला नेहमीच उशीर लागायचा. आजीने हात पुसले, झाकण काढलं, सुई घेतली. पहिल्यांदा दोरा चुकला. तिने तो ओठांत धरून ओला केला आणि पुन्हा नेला. गेला.

थोरल्याने खाली बघत विचारलं, "मग तुला न्यायचं नाही?"

"ने की," आजी म्हणाली. "रात्री जेवायला ने. पँट बदलून ये आधी. आणि जेवण झालं की आणून सोड. उद्या कोट द्यायचेत."

त्याप्रमाणे तो तिला घेऊन गेला आणि त्याने आणूनही सोडलं. बॅग मात्र घरीच राहिली.

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. मला अजून काम आहे, अजून घुरघुर आहे. पण कुणी माझं कौतुक केलं की मला ती ओली लादी आणि आजीचे लाल झालेले कान आठवतात, आणि मी गप्प होतो. तुमच्या घरात माझ्यासारखं कुणी असेल तर त्याची जाळी ठरल्या वेळी धुवा, निचऱ्याची नळी मोकळी ठेवा, पोटातला गाळ काढा, आणि डोक्यावर काही म्हणजे काही ठेवू नका, ते कितीही सुंदर शिवलेलं असलं तरी. बिघडल्यावर पुस्तिकेचं पहिलं पान आधी वाचा, त्यात आपल्याला ठाऊक असलेलंच लिहिलेलं असतं म्हणून ते उलटू नका. आणि कुणाची काळजी घ्यायची झाली, यंत्राची असो की माणसाची, तर आधी जवळ जाऊन त्याचा श्वास ऐका. आम्ही मुकी असतो, पण आमचा आवाज बदलतो. तो बदलला की दार लोटून आत या.

एवढं एकच मागणं आहे. मला मान नाही. असती तर हे मागताना ती खालीच राहिली असती.